एकदा वाजला की सुखरूप

वादळ येणार म्हटलं की अख्ख्या शहराला आमच्या दुकानाची आठवण येते. एरवी कोणी ढुंकूनही बघत नाही. त्या दिवशी सकाळी सातपासून शटरसमोर रांग होती, आणि रांगेतला प्रत्येक जण असं तोंड करून उभा होता, जणू बातमी त्याला आत्ताच कळली. तीन दिवस भोंगा लावलेली गाडी गल्लीबोळातून फिरत होती. रेडिओ तेच सांगत होता. मध्यरात्रीनंतर वादळ किनाऱ्याला लागणार, वीस वर्षांत आलं नव्हतं एवढं मोठं आहे. मग तीन दिवस झोपा काढत होतात का, असं मी एकदोघांना विचारलंही.

"तू कड्या ठोक," मास्तर मशीनवरून म्हणाले. "भांडायला अख्खं वर्ष पडलंय."

मास्तर म्हणजे माझा नवरा. शिवणकाम करतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात, आणि सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते. तोंडावर मात्र "अहो". आम्ही ताडपत्र्या शिवतो. मास्तर कड दुमडून आत दोरी घालतात आणि वरून शिलाई मारतात. मग मी हातभर अंतरावर भोकं पाडून त्यांत पितळी कड्या ठोकते, दोरी ओवायला. कडी तिरकी बसली तर वाऱ्यात ताडपत्री पहिल्यांदा तिथेच फाटते, म्हणून ते काम मी कोणाला करू देत नाही. ठोकाठोकी माझ्या स्वभावाला मानवते, असं मास्तरांचं म्हणणं. लहानपणी बाबा मला लवंगी म्हणायचे, त्या तिखट मिरचीवरून. आता बाबा नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आठ महिन्यांपूर्वी मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, ओझं उचलायचं नाही, शिडीवर चढायचं नाही, चिडायचं नाही. चिडायचं खातं घरात माझ्याकडे आहे, त्यामुळे तिसरी अट सोपी होती. पहिल्या दोन मान्य असल्यासारखं त्यांनी डॉक्टरांसमोर मान हलवून दाखवलं, आणि तिथेच विषय संपवला.

पण त्या दिवशी माझं लक्ष ना कड्यांत होतं ना मास्तरांत. जीव सगळा खाडीपलीकडे लागला होता. पुलाच्या त्या बाजूला, पाण्याच्या अगदी काठाला एक वस्ती आहे, आणि तिथे माझी ताई राहते. एकटी. भरती जरा मोठी आली की पाणी तिच्या पायरीला लागतं. उजवा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे पळणं सोडाच, भरभर चालणंही तिला जमत नाही. दुपारी तीनला बस येणार होती, वस्तीतल्या सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत न्यायला. संध्याकाळी सहाला पूल बंद. त्यानंतर जो जिथे असेल तो तिथे.

"आमच्याकडे ये," असं मी तिला दोन दिवस आधीच, समोरासमोर सांगून आले होते. ती म्हणाली, "तुमच्या पत्र्याखाली भिजण्यापेक्षा शाळेच्या स्लॅबखाली बरी मी. आणि मास्तरांना आराम हवाय, त्यात माझं कुठे करत बसतेस." हेच तिचं खरं कारण होतं. आम्हाला भाऊ नाही. मास्तरांनाच तिनं भाऊ मानलंय. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या त्या लाकडी बाकावर ती नऊ रात्री बसून होती. मला म्हणायची, तू घरी जाऊन झोप, तू इथे नर्सशी भांडतेस.

आता आमच्या फोनचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून जोडून तिला फोनवर बोलण्याचा असा वीट आला की घरच्या माणसांशी ती फोनवर बोलायचीच नाही. बोलायचं असेल तर भेटा, म्हणायची. पण ड्युटी अवेळी असायची आणि बाबा जीव टांगून बसायचे, म्हणून तिनंच एक नियम केला. ती पोचली की फोन एकदा वाजवून बंद करायची. एकदा वाजला की सुखरूप. बंद होऊन लगेच दुसऱ्यांदा वाजला, तर काहीतरी अडचण आहे, निघून या. उचलायचा कधीच नाही. एक्स्चेंज बंद झालं, मोबाइल आले, ताई रिटायर झाली, पण नियम तसाच राहिला. रोज सकाळी नऊला माझा फोन एकदा वाजतो आणि गप्प होतो. ओळखीचे हसतात आम्हाला. हसोत बापडे.

त्या दिवसापर्यंत, इतक्या वर्षांत मी तो फोन एकदाच उचलला होता. बाबा गेले त्या सकाळी. ताई ड्युटीवर पोचली होती, तिनं नेहमीसारखा वाजवला, आणि मी उचलून आधी नुसतं "ताई" म्हणाले आणि मग काय ते सांगितलं.

तर त्या दिवशी नऊला फोन एकदा वाजला होता. तीन वाजले. सव्वातीन झाले. बसमध्ये बसले की वाजवते, असं ती त्या भेटीतच बोलली होती. रांग संपली होती, शेवटचा माणूस ताडपत्री डोक्यावर घेऊन गेला होता आणि मास्तर आमच्याच वरच्या खिडकीवर ताडपत्री बांधायला शिडीवर चढले होते. मी खालून शिडी धरून त्यांना बोल लावत होते.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"शिडीवर चढू नका म्हणाले होते. खिडकी उडून जाऊ द्या, असं नव्हते म्हणाले."

साडेतीन झाले तरी फोन नाही. माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. बस आलीच नसेल. आली असेल, पण ताई मागे राहिली असेल. गुडघ्यामुळे ती सगळ्यांत शेवटी पोचणार, आणि बसवाल्याला कोण सांगणार थांब म्हणून. वारा अजून साधाच होता, पण आभाळाचा रंग मला आवडला नाही. तीन चाळीसला एप्रनच्या खिशात फोन थरथरला. आणि मी काय केलं असेल? उचलला. हात आपोआप गेला. कानाला लावला आणि "ताई" एवढंच माझ्या तोंडून निघालं, तेही रडवेलं. पलीकडून नुसती घरघर ऐकू आली आणि फोन कट झाला.

मी फोनकडे बघत उभी राहिले. आता लगेच दुसऱ्यांदा वाजतो का, याची वाट बघत. वाजला नाही. मी लावून बघितला, तर संपर्क होऊ शकत नाही. मास्तरांच्या फोनवरून लावला, तेच. फोनच्या वरच्या पट्टीतल्या सिग्नलच्या रेघा गायब. सगळ्या शहरानं एकाच वेळी आपापल्या माणसांना फोन लावले असणार, नेटवर्क बसलं.

"अहो, खाली उतरा," मी म्हणाले. "मी माती खाल्ली."

मास्तर उतरले. मी सांगितलं. "एकदाच वाजला ना? मग सुखरूप आहेत."

"पण मी उचलला ना मध्येच. ती दुसऱ्यांदा वाजवणार होती की नव्हती, कसं कळणार? आणि वाजवला असेल तरी नेटवर्क नाही."

"घरघर कसली होती? बसची?"

"बसची असेल. वाऱ्याचीही असेल."

या माणसाची एक गोष्ट मला आवडते. एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करतील, पण वेळेला वाद घालत नाहीत. चपला बाहेर पायरीशीच झटकून ते आत गेले, गमबूट चढवले आणि टेम्पोची किल्ली घेऊन आले. घाईत शिडी भिंतीपासून घसरली आणि आडवी पडली. मी उचलायला वाकले तर म्हणाले, राहू दे, आल्यावर बघू. खिडकीवरची ताडपत्री अर्धीच बांधलेली होती, तिचं एक टोक फडफडत होतं. शटर खाली ओढलं आणि निघालो. चार वाजत होते.

पुलावर आमच्या बाजूनं जाणारं जवळजवळ कोणी नव्हतं. सगळं शहर तिकडून इकडे येत होतं, गाद्या, पिंजरे, सायकली बांधून. पिण्याच्या पाण्याचा एक टँकर इतका अंगावर आला की आमचा आरसा घासता घासता वाचला. मी खिडकीतून डोकं काढून त्या ड्रायव्हरला माझ्या पद्धतीनं चार शब्द सुनावले.

"ऐकू नाही गेलं त्याला," मास्तर म्हणाले.

"मला बरं वाटलं."

वस्तीत चिटपाखरू नव्हतं. ताईच्या दाराला कुलूप. दारावर खडूनं मोठी फुली मारलेली होती. घर रिकामं झालं की बचाव पथकाची पोरं तशी फुली मारत होती. मागच्या खिडकीवर आमच्याच दुकानची ताडपत्री होती, आणि प्रत्येक कडीतून दोरी ओवून ताईनं तिची ती ठरलेली दुहेरी गाठ मारली होती. फुलांच्या कुंड्या आत घेतलेल्या, बाहेर नुसते ओले गोल राहिलेले. मी त्या पायरीवर बसले आणि मला एकदम हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. गेली होती ती. सगळं नीट करून, कुलूप लावून, बसनं गेली होती.

"चला घरी," मी म्हणाले.

"शाळा दहा मिनिटांवर आहे," मास्तर म्हणाले. "डोळ्यांनी बघून जाऊ. नाहीतर रात्रभर तू मला झोपू द्यायची नाहीस."

शाळेच्या दारात एक मुलगी टेबल टाकून यादी घेऊन बसली होती, वीस-बावीस वर्षांची, तिथलीच नवी शिक्षिका. अक्षर सुंदर होतं. तिनं ताईचं नाव शोधलं, बोट तिथेच ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बसमध्ये बसल्याची खूण आहे," ती म्हणाली. "इथे उतरल्याची नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बसल्या, पण उतरल्या नाहीत."

"अगं, बस काय गिळते का माणसाला?"

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला विचारलं, बसचा ड्रायव्हर कुठे आहे. ड्रायव्हर व्हरांड्यात थर्मासमधला चहा पीत बसला होता. पांढऱ्या मिशांचा, शांत माणूस. आम्ही ताईचं वर्णन सांगितलं. राखाडी रेनकोट, हातात काठी, बोलणं तोडून तोडून.

"हो हो, त्या बाई," तो म्हणाला. "खिडकीपाशी बसल्या होत्या. पुलाच्या अलीकडे फाटा आहे ना, तिथून बस टेकडीकडे वळते, तिथे उतरल्या. मी नको म्हणत होतो. पण अशा वेळी अडवणार तरी कसं?"

"कशा वेळी?"

"त्यांनी फोन लावला होता कोणाला तरी. काही बोलल्या नाहीत, नुसता कानाला धरला. आणि मग एकदम उठून उभ्या राहिल्या. गाडी थांबवा म्हणाल्या. घरात माणूस गेलंय."

"कोण गेलंय म्हणाल्या?"

"बहिणीचा नवरा. हृदयाचा त्रास होता म्हणाल्या."

मग मास्तरांनी घसा साफ केला. "कसा गेलो ते सांगितलं का?"

ड्रायव्हरनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चहा खाली ठेवला. बाबांच्या वेळेनंतर मी पहिल्यांदा फोन उचलला होता, आणि तसंच "ताई" म्हणाले होते. दुसरं काय वाटणार होतं तिला? तीस वर्षं वायरीवरचे आवाज ओळखण्यात गेलेली बाई ती. अडचणीसाठी नियम होता, सुखासाठी नियम होता. उचलण्याचा अर्थ आमच्यात एकच होता. तसं एकदाच घडलं होतं, पण तेवढं पुरे होतं. आणि आता ती बाई तो गुडघा घेऊन, वादळाच्या तोंडावर, पायी निघाली होती. माझ्यामुळे.

"माझ्यामुळे," मी मोठ्यानं म्हणालेही.

"भांडण नंतर," मास्तर म्हणाले. "स्वतःशीसुद्धा."

फाट्यावर कोणी नव्हतं. बसथांब्याच्या शेडमध्ये बघितलं, बंद टपरीच्या मागे बघितलं. तिथून पुलापर्यंतचा रस्ता आम्ही माणसाच्या चालीनं गाडी चालवत आलो, मी डावीकडे बघतेय, ते उजवीकडे. पाऊस सुरू झाला होता, बारीक, पण आडवा. पुलाच्या तोंडाशी लोखंडी आडकाठी लावायची तयारी चालली होती. पोलिसाला विचारलं. तो म्हणाला, पायी कोणाला सोडलेलं नाही, तीनपासूनच. गाड्यांमध्ये कोण कोण होतं ते मी बघितलेलं नाही. राखाडी रेनकोट म्हणाल तर आज सगळेच राखाडी दिसतायत.

"दहा मिनिटं आहेत," तो म्हणाला. "जायचं तर आत्ता जा. मग सकाळपर्यंत पूल उघडणार नाही."

गाडी तिथेच उभी राहिली. पलीकडे गेलो आणि ताई अलीकडेच कुठे आडोशाला बसली असेल, तर रात्रभर ती इथे आणि आम्ही तिथे. थांबलो आणि ती पलीकडे पोचली असेल, तर आमच्या बंद शटरसमोर ती एकटी. मास्तरांचे हात स्टिअरिंगवर होते. ते माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणेन ते ते करणार होते, आणि मला त्या क्षणी त्याचाच राग आला.

"तुमची बहीण आहे ना ती," मी म्हणाले. "तुम्ही सांगा."

"बहीण आहे, पण ओळखतेस तू."

मी डोळे मिटले आणि ताई डोळ्यांसमोर आणली. हॉस्पिटलच्या बाकावरची. नऊ रात्री. डॉक्टर म्हणाले घरी जा, वॉर्डबॉय म्हणाला इथे बसायला परवानगी नाही, आणि ती प्रत्येक वेळी "बरं" म्हणून तिथेच बसून राहिलेली. ती बाई रस्त्यात कुठे आडोसा बघून थांबणार नाही. मास्तर गेलेत असं वाटत असताना तर मुळीच नाही.

"ती पोचलीय," मी म्हणाले. "कशी ते माहीत नाही. चला."

आम्ही पूल ओलांडला आणि मागे ती आडकाठी लागल्याचा आवाज आला. पुढची पंधरा मिनिटं मी रस्त्याच्या कडेला राखाडी रेनकोट शोधत होते. चूक असली तर, एवढंच डोक्यात. चूक असली तर मी तिला दोनदा सोडलं.

आमच्या गल्लीत शिरलो. सगळी दारं बंद. अर्धवट बांधलेली ताडपत्री खिडकीवर चाबकासारखी आपटत होती. खाली ती शिडी, आम्ही टाकून गेलो तशीच, आडवी. आणि शिडीशेजारी, दुकानाच्या पायरीवर, राखाडी रेनकोट घालून ताई बसली होती. काठी बाजूला. मांडीवर मास्तरांची एक चप्पल. दोन्ही हातांनी धरलेली.

टेम्पो थांबायच्या आत मी उडी मारली. मला बघून ती उठली. रडत नव्हती. चेहरा अगदी कोरडा, आणि आवाज एक्स्चेंजमधला, कामाचा.

"कुठे ठेवलंय?" तिनं विचारलं.

मी नुसती मान हलवत होते, नाही नाही म्हणून, आणि ती त्याचा भलताच अर्थ लावत होती. "सांग लवंगे. कुठल्या हॉस्पिटलात? शिडीवरून पडले ना? मी बघितली शिडी."

तेवढ्यात टेम्पोचं पलीकडचं दार वाजलं. गमबूट फटक फटक वाजवत मास्तर पुढून वळसा घालून आले. त्यांनी ताईकडे बघितलं, तिच्या हातातल्या चपलेकडे बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "ती माझी आहे. दुसरी दिसली का कुठे?"

ताई पायरीवर मटकन बसली. मग तिनं ती चप्पल त्यांना फेकून मारली. नेम चांगला होता, गुडघ्यावर लागली. आणि मग ती रडायला लागली, तोंड रेनकोटच्या बाहीत घालून, लहान मुलीसारखी. माझी ताई अशी रडलेली मी बाबांच्या वेळीही बघितली नव्हती. मास्तर तिच्याशेजारी पायरीवर टेकले, पावसातच, आणि म्हणाले, "जिवंत आहे म्हणून एवढं वाईट वाटून घ्यायचं नसतं." ती रडता रडता हसली आणि त्यांच्या दंडावर एक चापट मारून पुन्हा रडली.

ती पाण्याच्या टँकरमधून आली होती. फाट्यावर तिनं काठी आडवी धरून टँकर थांबवला, आणि घरात माणूस गेलंय म्हटल्यावर ड्रायव्हरनं काही न विचारता तिला वर घेतलं होतं. पुलावर ती डोळे मिटून बसली होती. कोणीतरी बाई टेम्पोतून शिव्या घालतेय, असं ड्रायव्हर म्हणाल्याचं तिला आठवत होतं.

खिडकी तशीच होती. मास्तर शिडी उचलायला गेले तर ताई म्हणाली, "हात लावून बघा त्या शिडीला." म्हणून मी चढले. खाली शिडी धरायला दोघं, एकाचं हृदय दुरुस्त केलेलं आणि एकीचा गुडघा दुरुस्तीपलीकडे गेलेला. गाठी ताई खालून सांगत होती, आधी वरची, मग डावी, ओढ, अजून ओढ, तुला रागावता येतं तेवढा जोर नाही का हातात. माझ्या सगळ्या कड्या सरळ बसल्या होत्या. एकही निसटली नाही.

त्या रात्री वादळ आलं, आमच्या मागच्या बाजूचा पत्रा घेऊन गेलं आणि ताईच्या घरात गुडघाभर पाणी सोडून गेलं. ते सगळं पुढे निस्तरलं आम्ही, त्याचं रामायण इथे लावत नाही. सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, संध्याकाळी सातच्या सुमाराचं. वीज गेली होती. कापण्याच्या मोठ्या टेबलाखाली आम्ही गाद्या घातल्या होत्या, कारण घरात सगळ्यांत मजबूत तेच. तिघं जण ताडपत्र्यांच्या गुंडाळ्यांना टेकून चहा पीत बसलो होतो. ताईचे केस पुसून मी तिला माझा कोरडा गाउन दिला होता, तो तिला आखूड होत होता. बाहेर वारा वाढत होता.

"एक सांग," मी म्हणाले. "तू किती वेळा वाजवणार होतीस?"

"एकदा. दोनदा कशाला? खिडकीची जागा मिळाली होती मला."

"मग मी उचलल्यावर कट का केलास? अजून एक शब्द ऐकला असतास तरी कळलं असतं."

ताईनं कप खाली ठेवला.

"तू 'ताई' म्हणालीस," ती म्हणाली. "मागच्या वेळी त्याच्या पुढचं वाक्य मी ऐकलं होतं. या वेळी ते ऐकायचंच नव्हतं मला. तू बोलेपर्यंत मास्तर होते ना. म्हटलं, मी पोचेपर्यंत असू देत."

मी मास्तरांकडे बघितलं. ते कपात बघत होते. मग ते उठले. गाठी बघून येतो म्हणाले.

"बसा," ताई म्हणाली.

ते बसले.